बचावफळीतील चार वर्षे

अमेरिकी फुटबॉलमध्ये दोन्ही संघांचे अकरा-अकरा खेळाडू मैदानात असतात. आपल्याकडे चेंडू असताना उतरणारे अकरा जण वेगळे आणि चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे गेला की उतरणारे अकरा जण वेगळे. या दुसऱ्या अकरा जणांची ती बचावफळी. शाळेतून निवड होऊन विद्यापीठाच्या संघात यायचे, चार हंगाम बचावफळीत खेळायचे, पदवी घ्यायची आणि जमल्यास व्यावसायिक संघात जायचे, अशी या कारकिर्दीची वाट आज ठरून गेली आहे. ती पडायला मात्र फार काळ लागला. खेळ सुरू झाल्यापासून पहिली पाऊणशे वर्षे निव्वळ बचाव करणारा खेळाडू अस्तित्वातच नव्हता. नियमपुस्तकातील एका दुरुस्तीने तो जन्माला आला, दुसरीने त्याला मागे ढकलले आणि तिसरीने तो कायमचा उभा राहिला. मान्यता, आकडेवारी आणि पैसा या गोष्टी त्यानंतर, एकेक करून आल्या.

बचावपटूचे काम समजायला खेळाची रीत थोडक्यात पाहावी लागते. मैदान शंभर यार्ड लांब असते आणि दोन्ही टोकांना दहा-दहा यार्डांचे ‘एंड झोन’ असतात. चढाई करणाऱ्या संघाला दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी चार संधी मिळतात. या संधींना ‘डाउन’ म्हणतात. चार डाउनांत दहा यार्ड झाले, तर पुन्हा चार संधी. नाही झाले, तर चेंडू गेला. बचावफळीने ही घोडदौड रोखायची असते. चेंडू घेऊन पळणाऱ्याला जमिनीवर पाडणे म्हणजे ‘टॅकल’. कबड्डीतल्या पकडीसारखेच हे काम आहे, फरक इतकाच की इथे चढाईला येणाऱ्याच्या पुढे त्याचे दहा साथीदार वाट मोकळी करत असतात. चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक फेकण्यापूर्वीच सापडला, तर तो ‘सॅक’. फेकलेला चेंडू बचावपटूनेच झेलला, तर ते ‘इंटरसेप्शन’.

फळीचे तीन थर असतात. पुढच्या रांगेत सर्वांत धिप्पाड खेळाडू, म्हणजे मध्ये टॅकल (पाडण्याच्या कृतीप्रमाणे या जागेचेही नाव हेच) आणि कडेला एंड. त्यांच्या मागे लाइनबॅकर. पळणाऱ्याला अडवणे, क्वार्टरबॅकवर धावून जाणे आणि जवळचा पास तोडणे ही तिन्ही कामे लाइनबॅकरला यावी लागतात. सर्वांत मागे कॉर्नरबॅक आणि सेफ्टी हे चपळ गडी. त्यांची चूक झाली, की मागे सावरायला कोणी उरत नाही.

साठ मिनिटांचे खेळाडू

६ नोव्हेंबर १८६९ रोजी न्यू जर्सीतील न्यू ब्रन्सविक येथे रटगर्स आणि प्रिन्स्टन या महाविद्यालयांमध्ये झालेला सामना हा महाविद्यालयीन फुटबॉलचा पहिला सामना मानतात. तेव्हा प्रत्येक बाजूला पंचवीस खेळाडू होते आणि चेंडू हातात घेऊन पळायची मुभा नव्हती. रटगर्सने तो ६-४ असा जिंकला. आजचा खेळ घडवला तो येलच्या वॉल्टर कॅम्प यांनी. त्यांच्या आग्रहाने १८८० मध्ये संघातील संख्या अकरावर आली आणि दोन्ही संघांना वेगळे ठेवणारी रेषा ठरली. १८८२ मध्ये तीन डाउनांत पाच यार्ड ही अट आली. आता चढाई आणि बचाव या दोन वेगळ्या भूमिका झाल्या, पण माणसे तीच राहिली. चेंडू गेला की तेच अकरा जण जागच्या जागी बचावाला उभे राहत. खेळाडू बदलण्यावर कडक निर्बंध होते आणि बाहेर गेलेल्याला सहजासहजी परत येता येत नसे. त्यामुळे धावणे, फेकणे, अडवणे आणि पाडणे हे सगळे ज्याला जमते तोच खेळाडू, असा समज रूढ झाला.

पाच यार्डांसाठी सगळा संघ घोळका करून एकाच ठिकाणी धडक देई आणि बचाव करणारेही तिथेच गर्दी करत. हातपाय मोडणे नित्याचे होते आणि मृत्यूही होत. १९०५ च्या हंगामात बळींची संख्या इतकी वाढली की राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून खेळ सुधारण्यास बजावले. या खटपटीतून १९०६ मध्ये एक नियामक संस्था स्थापन झाली. तिलाच १९१० पासून एनसीएए म्हणतात. १९०६ मध्येच चेंडू पुढे फेकण्यास परवानगी मिळाली आणि पाचऐवजी दहा यार्डांची अट आली. १९१२ मध्ये चौथा डाउन मिळाला.

पुढे फेकता येणाऱ्या चेंडूने बचावाचा नकाशा बदलला. आता सगळ्यांनी पुढच्या रांगेत गर्दी करून भागणार नव्हते. दूर पळणाऱ्या खेळाडूवर नजर ठेवायला कोणीतरी मागे थांबणे भाग होते. १ नोव्हेंबर १९१३ रोजी वेस्ट पॉइंट येथे नोत्र दाम विद्यापीठाने आर्मीच्या, म्हणजे लष्करी अकादमीच्या, संघाला लांब पासांच्या जोरावर ३५-१३ असे हरवले, तेव्हा हा धडा पूर्वेकडच्या बड्या संघांनाही मिळाला. मागचा थर सांभाळण्याचे कसब तेव्हापासून वाढत गेले. तरीही तो थर सांभाळणारा गडी पुढच्याच डावात स्वतः चेंडू घेऊन पळत असे.

या दुहेरी खेळाडूंच्या अखेरच्या पिढीचा नमुना म्हणजे चक बेडनारिक. पेनसिल्व्हेनियातील बेथलेहेम या पोलादनगरीत स्लोव्हाक स्थलांतरितांच्या घरी तो वाढला. दुसऱ्या महायुद्धात बी-२४ बॉम्बफेकी विमानावर तोफची म्हणून त्याने तीस मोहिमा केल्या आणि युद्ध संपल्यावर पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात दाखल झाला. चढाईत तो मधला खेळाडू, म्हणजे चेंडू क्वार्टरबॅककडे सरकवणारा सेंटर, आणि बचावात लाइनबॅकर. १९४८ च्या हाइझमन ट्रॉफीच्या, म्हणजे महाविद्यालयीन फुटबॉलमधील सर्वोच्च सन्मानाच्या, मतदानात तो तिसरा आला. १९४९ मध्ये व्यावसायिक संघांच्या वार्षिक निवडीत सर्वांत पहिले नाव त्याचेच पुकारले गेले. त्या निवडीला ड्राफ्ट म्हणतात. बेडनारिक मैदानात घाम गाळत असतानाच त्याच्यासारख्यांची गरज संपवणारा बदल मात्र सुरू झाला होता.

दोन तुकड्या

१९४१ मध्ये खेळाडू हवे तेव्हा बदलण्याची मुभा मिळाली. युद्ध तोंडावर होते, तरुण सैन्यात जात होते आणि उरलेल्या खेळाडूंवर निभावून न्यायचे होते. या सवलतीतून काय साधता येईल हे चार वर्षांनी मिशिगनचे प्रशिक्षक फ्रिट्झ क्रायस्लर यांनी दाखवले. १३ ऑक्टोबर १९४५ रोजी न्यूयॉर्कच्या यँकी स्टेडियमवर त्यांच्या संघाची गाठ आर्मीशी होती. आर्मीचा संघ तेव्हा देशात अजिंक्य होता आणि मिशिगनकडे बहुतेक कोवळी पोरे होती. ही मुले सामन्याची पूर्ण साठ मिनिटे टिकणार नाहीत हे ओळखून क्रायस्लर यांनी चढाईला एक आणि बचावाला दुसरी अशा दोन तुकड्या केल्या. मिशिगन २८-७ असे हरले, पण मुलांनी दिलेली झुंज आर्मीचे प्रशिक्षक रेड ब्लेक यांच्या नजरेत भरली. त्यांनीही ही पद्धत उचलली. या तुकड्यांना ‘प्लटून’ हे लष्करी नाव पडले आणि ते टिकले.

फक्त बचाव करणारा खेळाडू आता पहिल्यांदाच दिसू लागला. धावण्या-फेकण्यात कच्चा, पण पाडण्यात पक्का असलेल्या मुलालाही संघात जागा मिळू लागली. विरोधही तितकाच झाला. टेनेसीचे रॉबर्ट नेलंड यांच्यासारख्या जुन्या वळणाच्या प्रशिक्षकांना अर्धाच खेळ येणारा खेळाडू मान्य नव्हता. पैशाची अडचण त्याहून मोठी होती. दोन तुकड्या ठेवायच्या म्हणजे दुप्पट खेळाडू, दुप्पट शिष्यवृत्त्या, जास्त प्रशिक्षक. अनेक लहान महाविद्यालयांनी खर्च झेपत नाही म्हणून संघच बंद केले. १९५३ मध्ये एनसीएएने बदलीचे निर्बंध पुन्हा आणले आणि निव्वळ बचावपटू जवळजवळ दिसेनासा झाला. पुढची दहा वर्षे या नियमांत दरसाल काही ना काही सूट देण्यात गेली. अखेर १९६४ च्या हंगामापासून दोन स्वतंत्र फळ्या ठेवण्याचा मार्ग मोकळा झाला आणि तो पुन्हा बंद झाला नाही.

या संक्रमणाच्या काळात दोन मोठे लाइनबॅकर झाले. शिकागोचा डिक बटकस इलिनॉय विद्यापीठाकडून १९६२ ते १९६४ खेळला. त्याच्या संघाने १ जानेवारी १९६४ रोजी रोझ बोल या हंगामाअखेरच्या सामन्यात वॉशिंग्टनला १७-७ असे हरवले आणि त्या वर्षाअखेरीस हाइझमनच्या मतदानात तो तिसरा आला. दुसरा टेक्सास विद्यापीठाचा टॉमी नोबिस. हे दोघेही गरजेप्रमाणे चढाईच्या फळीतही उतरत, पण लोकांच्या लक्षात राहिले ते पाडणारे म्हणूनच. १ जानेवारी १९६५ रोजी मायामीतील ऑरेंज बोलमध्ये टेक्सास २१-१७ ने पुढे होते. अलाबामाचा संघ गोलरेषेपासून फूटभरावर येऊन ठेपला होता आणि चौथा डाउन होता. क्वार्टरबॅक जो नेमथने स्वतःच चेंडू घेऊन गर्दीत मुसंडी मारली. त्याला थोपवणाऱ्यांत पुढे होता नोबिस. रेषा ओलांडली गेली नाही आणि सामना टेक्सासने जिंकला. पुढच्या हंगामात नोबिसला आउटलंड आणि मॅक्सवेल हे दोन्ही पुरस्कार मिळाले. १९६६ मध्ये नव्याने निघालेल्या अटलांटा फाल्कन्स संघाने ड्राफ्टमध्ये पहिले नाव त्याचेच घेतले.

रंगरेषा

बचावपटूच्या वाटेत नियमांखेरीज आणखी एक अडसर होता. दक्षिणेतील बड्या विद्यापीठांचे संघ साठच्या दशकापर्यंत गोऱ्यांपुरतेच राखीव होते. टेक्सासमधील बोमंटचा बबा स्मिथ हा प्रशिक्षकाचा मुलगा. उंची सहा फूट सात इंच आणि अंगात विलक्षण चपळाई असूनही घराजवळच्या बड्या विद्यापीठांचे दार त्याला बंद होते. मिशिगन स्टेटचे प्रशिक्षक डफी डॉर्टी यांनी दक्षिणेतील अशा कृष्णवर्णीय मुलांना उत्तरेत आणण्याचा सपाटाच लावला होता. स्मिथ आणि दक्षिण कॅरोलिनाचा जॉर्ज वेबस्टर हे दोघे असेच ईस्ट लान्सिंगला आले आणि त्यांच्या जोरावर मिशिगन स्टेटची बचावफळी देशात अव्वल ठरली. स्मिथच्या नावाचा घोष करत प्रेक्षक मैदान दणाणून सोडत.

१९ नोव्हेंबर १९६६ रोजी पहिल्या क्रमांकाचा नोत्र दाम आणि दुसऱ्या क्रमांकाचा मिशिगन स्टेट असे दोन अपराजित संघ समोरासमोर आले. पहिल्याच सत्रात स्मिथच्या धडकेने नोत्र दामचा क्वार्टरबॅक टेरी हॅनरॅटी याचा खांदा निखळला आणि त्याला बाहेर जावे लागले. शेवटी गुण १०-१० असे बरोबरीत असताना नोत्र दामने जोखीम न घेता वेळ काढला. सामना अनिर्णित राहिला आणि राष्ट्रीय विजेतेपद नोत्र दामला गेले. पुढच्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये पहिले नाव स्मिथचे होते आणि पहिल्या आठ नावांत मिशिगन स्टेटचे चार खेळाडू होते.

दक्षिणेतील बंद दार उघडण्याची किंमतही बचावपटूंनीच मोजली. केंटकी विद्यापीठाने ग्रेग पेज आणि नेट नॉर्दिंग्टन या दोन कृष्णवर्णीय खेळाडूंना एकदमच घेतले होते. पेज हा डिफेन्सिव्ह एंड. ऑगस्ट १९६७ मध्ये सरावात त्याच्या मानेला जबर दुखापत झाली आणि २९ सप्टेंबरला तो वारला. त्याच्याच खोलीत राहणारा नॉर्दिंग्टन हा मागच्या थरातला बचावपटू दुसऱ्या दिवशी मिसिसिपीविरुद्ध मैदानात उतरला. साउथईस्टर्न कॉन्फरन्सच्या सामन्यात खेळलेला तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. थोड्याच दिवसांत त्याने केंटकी सोडले. त्याच संघातील लाइनबॅकर विल्बर हॅकेट मात्र टिकून राहिला आणि पुढे संघाचा कर्णधार झाला. १९७१ मध्ये अलाबामाकडून पहिला कृष्णवर्णीय खेळाडू उतरला, तो जॉन मिचेल हाही डिफेन्सिव्ह एंडच. दुसऱ्या वर्षी तो संघाचा सहकर्णधार झाला आणि १९७३ मध्ये त्याच विद्यापीठात साहाय्यक प्रशिक्षक.

मान आणि मोजमाप

१९३५ पासून दिली जाणारी हाइझमन ट्रॉफी हा महाविद्यालयीन फुटबॉलचा सर्वोच्च सन्मान. मतदार पत्रकार आणि पूर्वीचे विजेते, आणि त्यांच्यासमोर असतात आकडे: किती यार्ड धावला, किती पास जुळवले, किती टचडाउन केले, म्हणजे चेंडू किती वेळा एंड झोनमध्ये नेला. बचावपटूजवळ असे आकडेच नव्हते. टॅकल किती झाले हे प्रत्येक विद्यापीठ आपापल्या पद्धतीने मोजी, आणि सॅक व टॅकल यांची अधिकृत नोंद एनसीएए ठेवू लागली ती २००० सालापासून. म्हणूनच अलाबामाच्या डेरिक टॉमसने १९८८ मध्ये एका हंगामात २७ सॅक केले असले, तरी अधिकृत उच्चांक म्हणून नाव लागते ते अॅरिझोना स्टेटच्या टेरेल सग्जचे. त्याचे २००२ मधील सॅक होते २४.

हाइझमनच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचलेला ठळक बचावपटू म्हणजे ह्यू ग्रीन. मिसिसिपीतील नाचेझ या गावचा हा मुलगा १९७७ मध्ये पिट्सबर्ग विद्यापीठात आला. प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना मुख्य संघात खेळता येत नसे, ती बंदी १९७२ मध्येच उठली होती. बटकस, नोबिस आणि स्मिथ यांना तीनच हंगाम मिळाले होते, ग्रीनला पूर्ण चार मिळाले. पहिल्याच सामन्यात नोत्र दामविरुद्ध त्याने अकरा टॅकल आणि दोन सॅक केले, शिवाय एक पंट, म्हणजे पायाने मारलेला चेंडू, अडवला. पुढच्या तीन हंगामांत तो दर वर्षी देशाच्या सर्वोत्तम संघात निवडला गेला. पिट्सबर्गच्या नोंदीप्रमाणे त्याच्या कारकिर्दीतील सॅकची संख्या ५३ आहे. त्याचा ९९ क्रमांकाचा अंगरखा विद्यापीठाने तो शेवटचा हंगाम खेळत असतानाच कायमचा राखून ठेवला. १९८० च्या हाइझमन मतदानात तो दुसरा आला. ट्रॉफी गेली साउथ कॅरोलिनाचा धावपटू, म्हणजे चेंडू घेऊन पळणारा, जॉर्ज रॉजर्स याच्याकडे. योगायोग असा की हंगामाअखेरच्या गेटर बोलमध्ये हेच दोन संघ समोरासमोर आले आणि पिट्सबर्गने साउथ कॅरोलिनाला ३७-९ असे धुऊन काढले.

ग्रीनपूर्वी १९५७ मध्ये आयोवाचा अॅलेक्स कॅरस हा पुढच्या रांगेतला खेळाडूही दुसराच आला होता. सर्वोच्च मान मिळत नाही म्हटल्यावर बचावपटूंसाठी वेगळे पुरस्कार निघाले. पुढच्या रांगांसाठीचे आउटलंड १९४६ पासून आणि लोंबार्डी १९७० पासून होतेच. १९८५ मध्ये लाइनबॅकरसाठी बटकसच्या नावाचा, १९८६ मध्ये मागच्या थरासाठी जिम थॉर्पच्या नावाचा आणि १९९० च्या दशकात सर्व बचावपटूंसाठी नागुर्स्की व बेडनारिक यांच्या नावांचे पुरस्कार सुरू झाले.

चार्ल्स वुडसन

हाइझमनची परंपरा मोडली मिशिगनच्या चार्ल्स वुडसनने. ओहायोतील फ्रीमाँटचा हा मुलगा जन्मतः वाकड्या पावलांचा होता. लहानपणी त्याला पायात आधार घालून चालावे लागे. शाळेत तो धावपटू म्हणून गाजला आणि १९९४ मध्ये ओहायोतील सर्वोत्तम शालेय खेळाडू ठरला. तरीही त्याने निवड केली ती ओहायो स्टेटच्या हाडवैरी मिशिगनची. १९९५ मध्ये पहिल्याच वर्षी तो कॉर्नरबॅक म्हणून मुख्य संघात आला. नियमित हंगामाच्या शेवटच्या सामन्यात अपराजित ओहायो स्टेटविरुद्ध त्याने दोन पास हिसकावले आणि मिशिगनने ३१-२३ असा विजय मिळवला.

१९९७ हे त्याचे वर्ष. प्रशिक्षक लॉइड कार त्याला कॉर्नरबॅक म्हणून तर खेळवतच, शिवाय अधूनमधून पास झेलायला आणि पंट परत आणायलाही उतरवत. ऑक्टोबरमध्ये मिशिगन स्टेटविरुद्ध सीमारेषेबाहेर जाणारा चेंडू त्याने उंच झेप घेऊन एका हाताने झेलला आणि पाऊल रेषेच्या आतच टेकवले. क्वार्टरबॅकने चेंडू फेकून देण्यासाठी मारलेला पास होता तो. २२ नोव्हेंबरला अॅन आर्बर येथे ओहायो स्टेटविरुद्ध त्याने ही सगळी कामे एकाच सामन्यात करून दाखवली. ३७ यार्डांचा पास झेलून एका टचडाउनची वाट मोकळी केली, पंट घेऊन ७८ यार्ड पळत टचडाउन केला आणि आपल्या एंड झोनमध्ये आलेला पास हिसकावून प्रतिस्पर्ध्यांची एक संधी संपवली. मिशिगन २०-१४ ने जिंकले.

हाइझमनसाठी सर्वांचे भाकीत टेनेसीचा क्वार्टरबॅक पेटन मॅनिंग याचे होते. १३ डिसेंबर १९९७ रोजी निकाल लागला, तेव्हा वुडसनला १,८१५ आणि मॅनिंगला १,५४३ गुण मिळाले होते. प्रामुख्याने बचाव करणाऱ्या खेळाडूला ही ट्रॉफी मिळण्याची ही पहिलीच वेळ. १ जानेवारी १९९८ रोजी रोझ बोलमध्ये वॉशिंग्टन स्टेटचा एक पास त्याने एंड झोनमध्ये हिसकावला. २१-१६ असा विजय मिळवून मिशिगनने बारा सामन्यांचा हंगाम अपराजित संपवला. पत्रकारांच्या क्रमवारीत मिशिगन विजेते ठरले, प्रशिक्षकांच्या क्रमवारीत नेब्रास्का. चौथ्या वर्षाची वाट न पाहता वुडसन व्यावसायिक फुटबॉलमध्ये गेला. १९९८ च्या ड्राफ्टमध्ये ओकलंड रेडर्सने त्याला चौथ्या क्रमांकावर घेतले. अठरा हंगामांत त्याने ६५ इंटरसेप्शन केले. २०२१ मध्ये व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याचा समावेश झाला आणि त्याच वर्षीच्या यादीत मॅनिंगही होता.

वुडसननंतर मतदारांचा दृष्टिकोन थोडा सैल झाला. नेब्रास्काचा टॅकल अंडामुकन सू याने डिसेंबर २००९ मध्ये टेक्सासविरुद्ध एकाच सामन्यात १२ टॅकल आणि साडेचार सॅक केले. त्याचा संघ १३-१२ असा हरला, तरी असोसिएटेड प्रेसने त्याला वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू ठरवले. हाइझमनमध्ये तो चौथा आला. नोत्र दामचा लाइनबॅकर मँटाय टेओ २०१२ मध्ये आणि मिशिगनचा एडन हचिन्सन २०२१ मध्ये दुसऱ्या स्थानापर्यंत पोहोचले.

शरीराचा हिशेब

पुरस्कारांची ही यादी मोजक्यांची आहे. बहुतेकांची कारकीर्द विद्यापीठातच संपते. एनसीएएच्या अंदाजाप्रमाणे व्यावसायिक संघापर्यंत जाणाऱ्यांचे प्रमाण शंभरात दोघांहूनही कमी आहे. चार हंगाम खेळायला पाच वर्षांची मुदत असते. एखादे वर्ष न खेळता राखून ठेवण्याला ‘रेडशर्ट’ म्हणतात. वजन वाढवणे, फळीची मांडणी पाठ करणे, दुखापत बरी होऊ देणे यासाठी ते वर्ष कामी येते. शाळा सोडून तीन वर्षे झाल्याशिवाय व्यावसायिक संघ खेळाडूला घेऊ शकत नाहीत. त्यामुळे एखाद्याचे कसब पहिल्याच वर्षी सिद्ध झाले, तरी पुढची दोन वर्षे त्याला विद्यापीठातच काढावी लागतात.

या वर्षांत शरीरावर जे घडते त्याचे मोजमाप फार उशिरा सुरू झाले. पाडण्यासाठी डोके पुढे करून भिडणे ही कित्येक पिढ्यांची रीत होती. त्यात मान मोडून लुळेपणा येण्याच्या घटना वाढल्या, तेव्हा १९७६ मध्ये डोक्याने भोसकण्यासारखी धडक मारण्यावर बंदी आली. डोके-मानेला लक्ष्य करणाऱ्या खेळाडूला सामन्यातून बाहेर काढण्याची शिक्षा २०१३ पासून आहे. नियम होते तरी १६ ऑक्टोबर २०१० रोजी रटगर्सचा टॅकल एरिक लेग्रँड आर्मीविरुद्ध चेंडू परत आणणाऱ्याला पाडायला धावला आणि त्या धडकेत त्याच्या मानेखालचे शरीर लुळे पडले. पुढे त्याने चाकाच्या खुर्चीतून शिक्षण घेऊन पदवी मिळवली. २०१३ मध्ये रटगर्सने त्याचा ५२ क्रमांक राखून ठेवला. विद्यापीठाच्या फुटबॉल इतिहासात हा मान मिळालेला तो पहिला खेळाडू.

काही इजा तेव्हाच्या तेव्हा दिसत नाहीत. डोक्याला वारंवार बसलेल्या धक्क्यांनी मेंदू झिजत जाण्याचा सीटीई हा विकार मृत्यूनंतरच्या तपासणीतच निश्चित होतो. २०११ मध्ये वारलेला बबा स्मिथ आणि २०१७ मध्ये वारलेला टॉमी नोबिस या दोघांच्याही मेंदूत तो आढळला. व्यावसायिक कारकीर्द दोघांनीही केली होती, त्यामुळे विद्यापीठातील धक्क्यांचा वाटा वेगळा काढणे शक्य नाही. पण धडका खाण्याची सुरुवात तिथल्याही आधी, शाळेत, झाली होती.

पैसा आणि नवी वाट

इतकी जोखीम घेणाऱ्याला मोबदला म्हणून दीर्घकाळ शिष्यवृत्तीच मिळत होती. शिकवणी, निवास आणि जेवण यापलीकडे काही घेतले, तर खेळाडू अपात्र ठरे. विद्यापीठे मात्र प्रक्षेपणाच्या हक्कांतून प्रचंड उत्पन्न मिळवत. जून २०२१ मध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने ऑल्स्टन खटल्यात एनसीएएच्या विरोधात एकमताने निकाल दिला. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपले नाव आणि छबी वापरू देऊन पैसे मिळवण्याची मुभा झाली. विद्यापीठ बदलण्याची सोय करणारी ‘ट्रान्सफर पोर्टल’ ही यादी २०१८ मध्ये सुरू झाली होती. २०२५ मध्ये हाउस खटल्यातील तडजोड न्यायालयाने मान्य केली आणि विद्यापीठांना सर्व खेळांतील खेळाडूंना मिळून वर्षाला सुमारे २०५ लाख डॉलरपर्यंत थेट पैसे देता येऊ लागले. ८५ शिष्यवृत्त्यांची जुनी मर्यादाही गेली. तिच्या जागी संघात १०५ खेळाडूंची मर्यादा आली. एकाच विद्यापीठात चार वर्षे काढण्याची रीत आता मागे पडू लागली आहे. क्वार्टरबॅकवर धावून जाणारा एंड किंवा चांगला कॉर्नरबॅक दोन वर्षांनी दुसऱ्या संघात दिसला, तर कोणाला नवल वाटत नाही.

२०२४ ची हाइझमन ट्रॉफी कोलोरॅडोच्या ट्रॅव्हिस हंटरला मिळाली. तो कॉर्नरबॅकही होता आणि पास झेलणाराही, आणि दोन्ही फळ्यांत जवळपास पूर्ण वेळ खेळला. त्या वर्षीचा सर्वोत्तम बचावपटूचा बेडनारिक पुरस्कार आणि सर्वोत्तम पास झेलणाऱ्याचा बिलेटनिकॉफ पुरस्कारही त्यालाच मिळाला. वुडसनच्या विजयातही पंट परत आणण्याचा आणि पास झेलण्याचा वाटा मोठा होता. चेंडूला हात न लावता फक्त पाडण्याच्या आणि अडवण्याच्या बळावर हाइझमन जिंकणारा एकही खेळाडू १९३५ पासून आजवर झालेला नाही. नियमांनी बचावपटूला स्वतंत्र स्थान दिले, नोंदवह्यांनी त्याचे आकडे मोजायला घेतले आणि न्यायालयांनी त्याला मोबदला मिळवून दिला. खेळाच्या सर्वोच्च सन्मानात मात्र तो अजूनही दुसऱ्या रांगेतच उभा आहे.